पहिलं ताट गिरजामावशीचं

अजूनही कुणाच्या लग्नात पंगतीला बसलो आणि कढीची बादली जवळ आली, की माझा हात आपोआप पानावर आडवा जातो. वाढणारा आग्रह करतो, "घ्या ना जी, मस्त झाली." मी म्हणतो, पित्त होतं. शेजारी बसलेली बायको माझ्याकडे तिरकं बघते, कारण घरची कढी मी दोन-दोन वाट्या पितो हे तिला ठाऊक आहे. पण लग्नातल्या कढीचं मला भेव वाटतं. हे भेव गिरजामावशीनं घातलेलं नाही, माझं मीच कमावलंय. आणि मावशीबद्दल काही सांगायचं तर या भेवासकटच सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

आमचं भंडारा तेव्हा पितळेचं गाव होतं. तलावामागच्या गल्लीत सकाळी शाळेत निघालेल्या पोरांच्याही आधी हातोड्या सुरू व्हायच्या. गिरजामावशीचा नवरा याच गल्लीत भांडी घडवायचा. तो गेल्यावर मावशीनं त्याची हत्यारं विकली, पण त्यानं शेवटी घडवलेली मोठमोठी भांडी ठेवून घेतली. छातीएवढे गंज, म्हणजे उभट पातेली, दोघांनी उचलायच्या पराती, झाकण्या, बादल्या. ती लग्नाकार्याला भाड्यानं द्यायची. साकोलीपासून पवनीपर्यंत कुठंही मांडव पडला की, "भांडी गिरजाबाईकडून आना," हे ठरलेलं असायचं.

दिसायला म्हणाल तर उंच, हाडकुळी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा उठून बसावा. लुगडं हिरवं नाही तर जांभळं, पण रोज धुतलेलं आणि चापूनचोपून नेसलेलं. डाव्या मनगटावर नवऱ्याचं घड्याळ. ते सैल व्हायचं म्हणून पट्ट्याला तिनं खिळ्यानं आणखी दोन भोकं पाडून घेतली होती. चष्म्याला सुतळी बांधलेली. चष्मा नुसता नावाला, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ही बाई अंगावर यायची. "डोयाले चाकू लावतेत काय गा? चाकू का डोयाले लावाची चीज हाये?"

माझी आणि तिची गाठ पडली ती माझ्या रिकामपणामुळे. सत्तरचं दशक संपायला आलं होतं. मी बी.कॉम. झालो होतो, सेकंड क्लास. रोजगार केंद्रात नाव लावलं होतं. खाकी पाकिटं भरभरून अर्ज धाडत होतो, आणि उत्तरं आली तर त्यात पहिल्याच ओळीत खेद असायचा. बाबा सकाळी दारात उभे राहून पोस्टमनची वाट बघायचे. तो पुढं निघून गेला की आत येताना माझ्याकडे बघायचे नाहीत. ते न बघणं मला फार लागायचं. रिकामा होतो, पण ऐट काही कमी नव्हती. कल्ले खाली जबड्यापर्यंत उतरवलेले, शर्टाची कॉलर खांद्यापर्यंत, आणि बेलबॉटम असा की आत दोन माणसं मावतील.

काही काम मिळेल का म्हणून मावशीकडे गेलो तेव्हा तिनं आधी माझ्या पँटीकडेच पाहिलं. तेवढं तिला दिसायचं. "काहून गा, शिंप्याकडे कापड उरलं व्हतं काय?" मी लाजलो. "रस्ता झाडत येऊन राहिला. नगरपालिकेत अर्ज कर, लगेच घेतीन तुले."

मग तिनं माझी मुलाखत घेतली. नंतर मी बऱ्याच मुलाखती दिल्या, पण इतकी सरळ एकही नव्हती. एक परात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उनात धर. काय दिसते?"

"पांढरी दिसते."

"सारी?"

मी नीट पाहिलं. काठाच्या खाली नखाएवढी जागा पिवळी होती. मी बोट ठेवून दाखवली. तिनं तिथं स्वतःचं बोट फिरवलं आणि मान हलवली. "झालं. उद्यापासून ये. मले तुही डिग्री नाई पायजे, तुहे डोये पायजे. माहे तर चालले."

माझं काम एवढंच. लग्नाहून परतलेलं प्रत्येक भांडं आतून पाहायचं. पितळेला आतून कथलाची कल्हई असते, ती पांढरी दिसते. ती खरवडली गेली की खालचं पितळ उघडं पडतं. त्यात ताक, चिंच, काही आंबट राहिलं की ते कळकतं, म्हणजे पितळ त्यात उतरतं आणि अन्नाचं विष होतं. आचारी लोकांना काय, करपलं की उलथण्यानं खरवडून मोकळे. म्हणून गंजात पार कमरेपर्यंत वाकायचं, हात तळाला टेकवायचा, लिंबाची फोड घासायची, पांढऱ्या फडक्यानं पुसायचं आणि पिवळं दिसलं की भांडं कल्हईवाल्या चाचाकडे. बाहेरून गंज काजळीनं माखलेला असायचा. रोज घरी जाताना मी पुढून कोळसेवाला दिसायचो. कळकलेलं अन्न खाल्लेला माणूस मी पाहिला नव्हता. मावशीनं पाहिला होता. "माह्या सासरी पायलं एकदा. पुन्हा नाई पाहाचं," एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

तिचा एक नेम होता आणि त्याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. ज्या लग्नात तिची भांडी, त्या लग्नात ती स्वतः जायची. नैवेद्य झाला की पहिलं ताट तिचं. नवरदेव, वऱ्हाडी, मानाचे पाहुणे सगळे थांबणार, आणि ही बाई चुलाणाजवळ पाटावर बसून प्रत्येक भांड्यातलं एकेक वाढून घेणार, पोटभर खाणार, आणि मग घड्याळावर बोट ठेवून म्हणणार, "अर्धा घंटा. मी धड उठून उभी राहिली, का मंग पंगत बसवा."

एकदा नागपूरकडचे वऱ्हाडी होते. त्यातला एक सूटवाला म्हणाला, "या म्हातारीला घरी जेवायला मिळत नाही का?" सगळे हसले. मी खांबाआड तोंड लपवलं. मावशी आरामात भात कालवत म्हणाली, "भूक तर लागते जी. तुमाले लागली असन तर तुमीबी बसा माह्या बाजूले. पन मंग अर्धा घंटा माह्यासंगच बसा लागन." तो काही बसला नाही.

मी तिला एकदा समजावलं. बी.कॉम. होतो ना! म्हटलं, "मावशी, हे कायले जिवावर घेतेस? भांडी नेताना गिऱ्हाइकाची सही घ्यायची. भांडी पाहून नेली, पुढची जबाबदारी आमची नाही, असं लिहून. कायद्यानं तू मोकळी."

ती म्हणाली, "मांडवात जेवाले बसते तो सही करते काय? सही करते एक, अन् पोटात जाते चारशाच्या."

मी म्हटलं, अशानं धंदा वाढत नाही.

"मले वाढवाचा कुठं हाये? मले झोप पायजे."

हे तिचं अर्थशास्त्र. आमच्या पुस्तकात असलं काही नव्हतं, आणि खरं सांगतो, मनातून मी तिला अडाणीच समजत होतो. मला वाटायचं, एकदा नोकरी लागू दे, या काजळीतून सुटू दे.

आणि एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. वरठीच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर क्लार्कची जागा होती. मुलाखत सकाळी अकराला. बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "चहा घेतला का?" मी पांढरा टेरिलीनचा शर्ट शिवून घेतला. आयुष्यातला पहिला पांढरा. मावशीला दाखवला तेव्हा तिनं कापड बोटांत चोळून पाहिलं. "मस्त हाये. कानाजवळचं हे जंगल तेवढं काप. साहेब तुहं तोंड पाहाले बोलावून राहिला, हे नाई." मी दोन बोटं जंगल कमी केलं. तिच्याखातर नाही, साहेबाखातर.

मुलाखतीच्याच दिवशी साकोलीकडच्या एकोडी गावचं लग्न होतं. ट्रॅक्टर सकाळी सातलाच येऊन उभा. गंज आदल्या दिवशी संध्याकाळीच दुसऱ्या लग्नाहून परतला होता, तेवढा पाहायचा राहिला होता. मी आदल्या दिवशी न्हाव्याकडे गेलो होतो, म्हणून राहिला. सकाळी मी पांढरा शर्ट घालून, पावडर लावून, सायकलवरून सरळ वरठीला निघायच्या तयारीत दुकानात गेलो. म्हटलं, मावशीच्या पाया पडून जाऊ.

"आलास? तो मोठा गंज पाहून टाक, मंग जा."

मी गंजाजवळ गेलो. बाहेरून काळाकुट्ट. वाकलो असतो तर छाती, बाही, सगळं काळं. घरी जाऊन बदलायला दुसरा पांढरा शर्ट कुठला? मी शर्ट सावरत, दोन हात लांबून, मान वर काढून आत डोकावलो. दारातून तिरपं ऊन येत होतं. तळाशी काहीतरी पिवळं चमकलं. मी स्वतःला सांगितलं, ऊन आहे. उन्हाचा रंग पिवळाच असतो. 

"पायलं?" ती परातींच्या ढिगाऱ्याआडून ओरडली.

"हो."

"हात घालून?"

"हो मावशी, हात घालून."

ट्रॅक्टरवाल्यानं गंज चढवला. मावशी ट्रॉलीत भांड्यांच्या मधोमध बसली, पदर कानावरून ओढून, आणि जाताना मला म्हणाली, "साहेबाले भेऊ नोको. जे हाये ते सांगजो." ट्रॅक्टर गेला. मी सायकलवर बसलो.

वरठीचा रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता. नागपूर नाक्यापर्यंत काही नव्हतं. पुढं आलो आणि ते पिवळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. ऊन होतं ना? ऊनच होतं. पण ऊन तर दारातून येत होतं आणि गंज दाराच्या आडोशाला होता. मी पायडल मारणं थांबवलं. उतरलो. बाजूनं कारखान्याच्या पहिल्या पाळीचे लोक सायकलींवरून, मोटारसायकलींवरून जात होते. एकानं विचारलं, "पंक्चर का बे?" मी मान हलवली आणि पुन्हा चढलो. लग्न संध्याकाळचं आहे, अजून वेळ आहे, मुलाखत झाली की जाऊ, असं स्वतःला समजावत राहिलो. मागं फिरलो असतो तर सगळंच वेगळं झालं असतं. पण मागं फिरलो नाही.

बाकावर आम्ही पंचवीस-तीस जण होतो. माझा नंबर यायला एक वाजला. आत तीन साहेब. मधल्यानं विचारलं, "कॉमर्सचे आहात. सांगा, व्यापाऱ्याचं पहिलं कर्तव्य काय?"

आणि मी काय सांगितलं माहीत आहे? मी मावशीचंच सांगितलं. म्हटलं, साहेब, कागदावर सही करणारा एक असतो आणि परिणाम भोगणारे शेकडो असतात, म्हणून व्यापाऱ्यानं आपला माल आधी स्वतः वापरून पाहावा. साहेब पुढं झुकले. "व्हेरी गुड," म्हणाले. डावीकडच्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. माझं तोंड पोपटपंची करत होतं. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

बाहेर आलो, सायकल स्टेशनाजवळ टाकली, भंडाऱ्याची आणि तिथून साकोलीची एस.टी. पकडली. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कंडक्टर कुणाच्या तरी कोंबडीच्या तिकिटावरून वाद घालत होता आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मनात एकच चालू होतं, आचाऱ्यानं त्या गंजात वरण करावं, भात करावा, काहीही करावं, पण ताक ओतू नये. देवाला कधी नाही ते हात जोडले. तेही शर्ट चुरगळू नये म्हणून जपून जोडले असतील, काय सांगावं!

फाट्यावर उतरून एकोडीला पळत गेलो. पाच वाजले असतील. मांडव दिसला. वाजंत्री वाजत होती. चुलाणाजवळ मावशी पाटावर बसलेली, समोर रिकामं ताट. बाजूला तो गंज, काठोकाठ कढीनं भरलेला. आचाऱ्यानं सकाळपासूनच ताक त्यात घालून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

मला पाहून मावशीचा चेहरा फुलला. "अबे वसंता! तू कसा? झाला इंटरव्ह्यू? पास ना?"

मी विचारलं, "मावशी... जेवून किती वेळ झाला?"

"व्हाले आले वीस मिंटं. काहून?"

तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी तो पाहिला. तेव्हाही मला बोलता आलं असतं. चार शब्द होते. माझ्या भोवती अनोळखी गाव, लाकडं फोडणारे गडी, आणि मी म्हणालो, "काही नाही. सहजच आलो."

ती उठली. एक हात पोटावर धरून कुंपणाकडे गेली आणि वाकली. तिला जे काही झालं ते मी बघितलं नाही, आवाज ऐकला. परत वळली तेव्हा तोंड पांढरंफटक होतं, पण आवाज तोच. "कढी वाढू नोका! कोनालेच कढी वाढू नोका!"

वाजंत्री थांबली. पण मांडवाच्या पलीकडच्या टोकाला लेकरं भुकेनं रडत होती म्हणून कुणा दयाळू माणसानं त्यांना आधीच बसवलं होतं. मावशीला ते दिसलं नसावं, कढी वाढायच्या वगराळ्याचा आवाज ऐकू आला असावा. ती धडपडत तिकडं धावली आणि चाचपत, हातानं एकेक द्रोण उलटा करत गेली. लेकरं भोकाड पसरून रडायला लागली. "पेलं कोनं? सांगा ना बाप्पा, पेलं कोनं?" दोघांनी प्यायली होती. एक पाचेक वर्षांची मुलगी, केसांत लाल रिबीन, ती हसत होती. थोड्याच वेळात तिचं हसणं गेलं.

मग जो गलका झाला तो मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. कढी मातीत ओतली गेली. रिकाम्या गंजाच्या तळाशी तळहाताएवढा पिवळा डाग, कडेनं हिरवट. नवरीचा बाप सोमाजी कपाळ बडवत होता. त्याचा भाऊ चुलाणातलं लाकूड घेऊन ओरडत आला, "भांडं कोनं पायलं? कोनं पायलं हे भांडं?"

मावशी खांबाला धरून उभी होती. तिनं माझ्या दिशेनं तोंड केलं. "वसंता, तू हात घालून पायलं व्हतं ना?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लाकडाचं टोक अजून लाल होतं. मला मरणाची भीती वाटली. मार खायची, नोकरी जायची, बाबांची, सगळ्याची.

"हो. हात घालून पाहिलं होतं."

मावशी दोन पावलं जवळ आली. अगदी जवळ, कारण तेवढ्यावरूनच तिला दिसायचं. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या बाहीकडे तिनं पाहिलं. बाही पांढरी होती. दिवसभराची धूळ होती, पण काजळीचा एक ठिपका नव्हता. तिनं मान वर केली, लोकांकडे वळली. "मंग मीच फसली. भांडं माहं हाये. जे काई हाये ते मले बोला, पोराले नाई."

नवरदेवाच्या जीपमध्ये दोन लेकरं आणि मावशी यांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं. मी मागच्या फळीवर उभा होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी त्या रिबीनवाल्या मुलीच्या रडण्याकडे कान लावून होतो. रडणं थांबलं की माझा श्वास थांबायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरांनी बिस्किटं मागितली आणि मी भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडलो. मावशीला उठायला चार दिवस लागले. तिनं ताटभर खाल्लं होतं ना.

त्यानंतर तिची भांडी कुणी नेली नाहीत. कुणी भांडण केलं नाही, तक्रारही नाही, नुसतं विचारायला यायचं बंद झालं. बाजारात तिचं नाव 'कळकी गिरजा' पडलं. महिनाभरात मला कारखान्याचं पत्र आलं. पेढे घेऊन गेलो तेव्हा ती दारात बसली होती. पेढा तिनं घेतला. "टायमावर जात जाजो," एवढंच म्हणाली. आत गंज पालथे पडले होते. पुढं ते मोडीत गेले, ती पवनीला भाचीकडे राहायला गेली, हे मी दुसऱ्याकडून ऐकलं. मी गेलो नाही. कारखान्यात मला बढती मिळाली, लग्न झालं, बेलबॉटमची फॅशन गेली. रस्त्यात जांभळं लुगडं दिसलं तरी मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचो. कर्ता-सवरता माणूस, आणि एका आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीला भ्यायचो.

सात-आठ वर्षं अशी काढली. मग एक दिवस कँटीनमध्ये नव्यानं लागलेला एकोडीचा एक पोरगा डबा खाता खाता म्हणाला, "आमच्या गावात तर एका बाईनं लेकरंच मारली असती. माहीत असून खराब भांडी देल्ली हरामखोर बाईनं. भाड्याचा लोभ, दुसरं काय!" सगळे च् च् करत होते. मी माझी पोळी चावत राहिलो. 

रविवारी मी पवनीला गेलो. मावशी भाचीच्या ओट्यावर बसली होती. डोळे पार गेलेले. लुगडं मात्र तसंच चापूनचोपून. मी "मावशी" म्हटलं आणि तिनं लगेच ओळखलं. "वसंता! बस गा. बायको कशी हाये? लेकरू?"

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "मावशी, मी हात घातला नव्हता. मुलाखतीचा शर्ट खराब होईल म्हणून. मी दोनदा खोटं बोललो."

ती ओट्यावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाही तर शिव्या देईल. दोन्हींची तयारी करून आलो होतो.

"हे मले काहून सांगून राहिला?"

"मग कुणाला सांगू?"

"एकोडीले सांग. सोमाजीले सांग. त्या पोरीच्या मायले सांग. मले सांगून तुले बरं वाटन, माहं काय?"

मी म्हटलं, हो, जाईन, पुढच्या रविवारी नक्की.

"साकोलीची गाडी दोनले हाये," असं म्हणत तिनं काठी घेतली आणि ओट्यावरून उतरली. मी म्हटलं, मावशी, एवढ्या उन्हात तू कशाला? ती चालायलाच लागली होती. स्टँडपर्यंत मी तिचा हात धरून होतो, पण कोण कुणाला नेत होतं ते सांगणं कठीण. वाटेत मी म्हणालो, "मावशी, मला फार भेव वाटतं गं. सोमाजीचा भाऊ मारेल मला."

"मारन," ती म्हणाली. "बोलनबी. बोलू देजो. मधात बोलू नोको."

गाडी लागलेलीच होती. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. ती बाहेर खिडकीखाली उभी राहिली. मी हात बाहेर काढला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. घंटी वाजायची वेळ झाली तसं तिनं काठी गाडीच्या पत्र्यावर आपटली आणि दाराकडे तोंड करून कंडक्टरला मोठ्यानं विचारलं, "काहो कंडक्टर, पांढऱ्या-बिंढऱ्या शर्टाचा एक मानूस हाये ना आत? एकोडीले जानारा? बसला हाये काय खरंच?"

"मावशी, मी इथंच आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे तोंड वळवलं नाही. कंडक्टर काय सांगतो त्याची वाट बघत राहिली.

"हाये, माय. खिडकीपाशीच बसला हाये."

तेव्हा कुठं तिनं काठी खाली घेतली.